कयाक स्लॅलममध्ये उतरायचंय? मग बोट सगळ्यात शेवटी घ्या

मी सतरा वर्षांचा असताना या खेळात शिरलो आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे बोट विकत घेतली. जुनी, कार्बनची, नाकाडावर दोनदा जोडलेली. घरी साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. माझं वजन तेव्हा बहात्तर किलो होतं आणि बोट होती पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसासाठी बनवलेली. हे मला नदीवर गेल्यावर कळलं. मी बसलो की मागचं टोक पाण्यात बुडायचं आणि पुढचं टोक आकाशाकडे बघायचं. पुढची कित्येक वर्षं ती बोट आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभी होती. वॉचमनकाका दर सहा महिन्यांनी विचारायचे, "तुमच्या त्या होडीचं काय करायचं?"

तेव्हापासून मी राज्य संघातून तीन राष्ट्रीय स्पर्धा खेळलो आणि आता मोसमात मुलांना शिकवतो. फार मोठा खेळाडू झालो नाही, पण चुका भरपूर करून झाल्या. बहुतेक चुकांचं मूळ एकच: क्रम उलटा. आधी बोट, मग नदी, मग पोहणं आणि कागदपत्रं तर स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात. खाली सुलटा क्रम देतोय. पालक वाचत असतील तर त्यांनी २, ४ आणि ७ नीट वाचावं.

१. आधी हा कोणता खेळ आहे ते समजून घ्या

कयाकिंग म्हटलं की कुणी रोइंग समजतं, कुणी राफ्टिंग. फॉर्म भरतानासुद्धा चूक होते, कारण कनोइंग-कयाकिंग या एकाच संघटनेखाली दोन वेगळे खेळ चालतात. स्प्रिंट म्हणजे सपाट पाण्यावर सरळ रेषेत शर्यत. स्लॅलम म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या गेटमधून वाट काढत खाली येणं. बोटी वेगळ्या, स्नायू वेगळे, प्रशिक्षक वेगळे. फॉर्मवर प्रकार लिहिलेला नसेल तर विचारा. मी एका शिबिराला पोचलो तेव्हा समोर मोठा शांत तलाव होता. तेव्हाच समजायला हवं होतं.

स्लॅलमचे मूळ नियम सोपे आहेत. मार्गावर १८ ते २५ गेट असतात. गेट म्हणजे वरून टांगलेले दोन दांडे, खालचं टोक पाण्यापासून साधारण वीतभर वर. हिरवे-पांढरे दांडे असतील तर प्रवाहाबरोबर खाली जाताना पार करायचे, लाल-पांढरे असतील तर प्रवाहाच्या उलट वर चढून. दांड्याला स्पर्श झाला तर २ सेकंदांचा दंड. गेट चुकलं तर ५०. घड्याळातला वेळ अधिक दंड, ही तुमची बेरीज. आंतरराष्ट्रीय पातळीवर सगळा मार्ग दीड मिनिटाच्या आसपास संपतो, म्हणजे ५० सेकंदांचा दंड बसला की त्या फेरीपुरतं दुकान बंद.

कयाकमध्ये पाय पुढे सोडून बसतात आणि पॅडलला दोन पाती असतात. कनूमध्ये गुडघ्यांवर बसतात, पातं एकच. तिसरा प्रकार नवा आहे, कयाक क्रॉस. चार जण एकदम उंच रॅम्पवरून पाण्यात पडतात, एकमेकांना ढकलत पुढे जातात आणि ठरलेल्या जागी प्रत्येकाने बोट पूर्ण उलटी करून सरळ करायची असते. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला. आपल्याकडच्या मुलांनी त्याकडे लक्ष द्यावं असं माझं मत आहे. त्याला प्लास्टिकची दणकट बोट लागते आणि तशाच जातीच्या बोटी आपल्या नद्यांवर राफ्टिंगवाल्यांकडे असतात. नाजूक कार्बन बोटीसाठी वर्षभर थांबण्यापेक्षा सुरुवात तिथून होऊ शकते.

स्लॅलम ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा १९७२ला आलं, जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या कृत्रिम मार्गावर. मग वीस वर्षं गायब, आणि १९९२पासून सलग आहे. पुढचं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला असलं तरी स्लॅलम तिथून दूर ओक्लाहोमा सिटीत होणार आहे, कारण तिथे बांधलेला मार्ग आधीच तयार आहे. या खेळाचं अर्धं भवितव्य पाणी कुठे आहे यावरच ठरतं.

२. पोहणं, आणि पाण्याखाली उलटं लटकणं

"पोहता येतं" याचा अर्थ इथे वेगळा. टी-शर्ट, शॉर्ट, बूट घालून दोनशे मीटर न थांबता पोहता यायला हवं. पाणी नाकात गेल्यावर न घाबरता तरंगता यायला हवं. हे येत नसेल तर सहा महिने नुसतं पोहा.

त्यानंतरचा धडा स्विमिंग पूलमध्ये किंवा कमरेइतक्या शांत पाण्यात, शिकवणारा माणूस बाजूला उभा असताना. कयाकच्या तोंडावर रबराचा झगा ताणून बसवलेला असतो, त्याला स्प्रेडेक म्हणतात. पाणी आत येऊ नये म्हणून तो कमरेभोवती आणि बोटीच्या कडेभोवती घट्ट बसतो. त्याच्या पुढच्या टोकाला एक पट्टी असते. बोट उलटली आणि सरळ करता आली नाही तर ती पट्टी पुढे आणि मग वर ओढायची, स्प्रेडेक सुटतो आणि माणूस बाहेर येतो.

आता माझी गोष्ट. कुंडलिका नदीवरच्या कोलाडला शिकायला गेलो होतो, तिथे तिसऱ्या दिवशी मी घाईघाईत स्प्रेडेक लावला आणि पट्टी आत दुमडली गेली. काठावर टायर धुणारा तिथला पोरगा ओरडला, "दादा, पट्टी आत गेलीय!" मी हात वर केला, म्हटलं ठीक आहे. तो पळत पाण्यात आला, माझी बोट धरली, स्प्रेडेक काढला, परत लावला आणि पट्टी बाहेर काढून माझ्या हातात दिली. काही बोलला नाही. दहा मिनिटांनी मी पहिल्याच लाटेत उलटलो. डोळ्यांपुढे हिरवं-तपकिरी पाणी, कानात घरघर, आणि हाताला पहिली लागली ती पट्टी.

तर नियम असा: स्प्रेडेक लावला की पट्टी बाहेर आहे का ते हाताने चाचपायचं, डोळ्यांनी नव्हे. दरवेळी. मग शेजाऱ्याने बघायचं.

बाहेर पडणं जमलं की रोल शिका, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं. नवखे लोक हाताने जोर लावतात आणि डोकं आधी बाहेर काढायला बघतात. तिथेच फसतं. रोल कमरेच्या झटक्याने होतो, डोकं सगळ्यात शेवटी वर येतं. पूलच्या कडेला दोन्ही हातांनी धरून नुसती कमर हलवून बोट आडवी-उभी करण्याचा सराव करा, रोज पन्नास वेळा. कंटाळवाणं आहे. मला पहिला रोल यायला सात आठवडे लागले, माझ्याबरोबरच्या मुलीला चार दिवस. ती भरतनाट्यम शिकलेली होती, तिचा कमरेवर ताबा होता.

३. पाणी कुठे मिळेल

महाराष्ट्रात सुरुवातीला कोलाडशिवाय सोयीचं ठिकाण मला दुसरं दिसत नाही. कुंडलिका बारमाही खळाळते याचं कारण सह्याद्रीच्या पलीकडे आहे. मुळशी धरणात अडवलेलं, खरं तर पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी, डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. वीज तयार झाली की तेच पाणी कुंडलिकेत येतं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर आपण आज गेट चुकवत असतो. कोलाडला जाणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. बरेच जण पुण्याचे असतात आणि त्यांना हे ठाऊक नसतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की नदीचं वेळापत्रक विजेच्या मागणीवर चालतं. पाणी बहुतेक सकाळी काही तास सुटतं. उशिरा पोचलात तर ओले दगड बघून परत यावं लागतं. आदल्या संध्याकाळी तिथल्या राफ्टिंगवाल्यांना फोन करून "उद्या पाणी किती वाजता?" एवढं विचारायचं. शनिवार-रविवारी राफ्ट भरून लोक येतात, त्यामुळे कयाकवाल्यांनी मंगळवार-बुधवार गाठावा.

पुढचं ठिकाण महेश्वर. अहिल्याबाईंच्या घाटापासून जवळच सहस्रधारा आहे. तिथे नर्मदा काळ्या कातळात असंख्य धारांनी फुटते. कातळ आपल्या सह्याद्रीचाच, बेसाल्टचा, त्यामुळे आपल्या मुलांना तिथला दगड ओळखीचा वाटतो: काळा, धारदार आणि बोटीचा शत्रू. २०२३च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतलं स्लॅलम तिथेच झालं. देशातले चांगले स्लॅलम खेळाडू मध्य प्रदेशातून येतात हा योगायोग नाही. त्यांच्याकडे पाणी आहे, भोपाळला राज्याची जलक्रीडा अकादमी आहे आणि शिष्यवृत्तीवर राहून शिकता येतं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून स्लॅलम खेळलेली शिखा चौहान मध्य प्रदेशचीच. महेश्वरच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आहे. तिथून पाणी सुटलं की पातळी बघता बघता चढते, म्हणून काठावर सामान ठेवताना स्थानिक नावाडी कुठे ठेवतात ते बघा.

ऋषिकेशला मोठं, थंड, जोरदार पाणी आहे. पावसाळ्याचे मुख्य महिने सोडले तर मोसम लांब चालतो. तिथे वेटसूटशिवाय जाऊ नका, बर्फाचं पाणी हातातली ताकद अर्ध्या तासात काढून घेतं. केरळात कोळिकोडजवळ कोडेंचेरीच्या परिसरात पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, देशोदेशींचे कयाकर येतात. पहिल्या वर्षी स्पर्धेत उतरू नका, पण काठावर बसून बघायला नक्की जा. चार दिवसांत जे कळेल ते वर्षभर व्हिडिओ बघून कळणार नाही.

४. पाणी वाचायला शिका, आणि बंधाऱ्यापासून लांब राहा

स्लॅलम हा ताकदीचा खेळ वाटतो. मला तो वाचनाचा वाटतो. नदीत खडक असला की त्याच्यामागे पाणी उलटं फिरतं, वरच्या दिशेला. त्याला सगळे एडी म्हणतात. खाली धावणारं पाणी आणि एडीचं वर जाणारं पाणी यांच्यामध्ये एक शिवण दिसते, फेसाची, किंचित उंच-सखल. लाल-पांढरी गेट बहुतेक या एडीतच टांगलेली असतात. चांगला खेळाडू शिवण ओलांडताना बोट आत झुकवतो, एक पातं एडीच्या पाण्यात रोवतो आणि बोट त्याभोवती आपोआप फिरते. नवखा माणूस झुकायला घाबरतो, बाहेरच्या बाजूला कलतो आणि उलटतो. सायकल वळवताना आपण आतल्या बाजूला झुकतो, तसंच.

पहिले दोन-तीन महिने गेटचं नाव काढू नका. नुसतं एका एडीतून दुसऱ्या एडीत जा. नदी आडवी पार करायला शिका: बोटीचं नाक प्रवाहाच्या वर तिरकं धरून, न वाहवता. यालाच इंग्रजीत फेरी म्हणतात. एक एडी निवडा आणि त्यात शंभर वेळा शिरा.

सुरक्षेच्या तीन गोष्टी तोंडपाठ हव्यात. बोटीतून बाहेर पडलात तर पाठीवर तरंगा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला. गुडघ्यापेक्षा खोल वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडाच्या फटीत अडकला तर पाणी तुम्हाला तोंडावर पाडतं आणि उठू देत नाही. आणि एकट्याने कधीही जाऊ नका. किमान तिघं, त्यातल्या एकाकडे फेकायच्या दोरीची पिशवी, आणि ती फेकायचा सराव झालेला.

आता बंधारा. आपल्याकडे गावोगावी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, लावलेले असताना वरून पातळसं पाणी सरळ पडतं, वरून बघितलं तर अगदी साधं, बोट सहज उतरेल असं वाटतं. खाली मात्र पाणी स्वतःभोवती गोल फिरत असतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यात अडकलेल्याला ते पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. नैसर्गिक धबधब्याला बहुधा कुठेतरी बाहेर पडायची वाट असते, माणसाने बांधलेल्या सरळ भिंतीला ती नसते. बर्गे काढलेले असतील तर खांबांमधून पाणी जातं आणि तिथे अडकलेली लाकडं, काटक्या, जाळी दिसत नाहीत. पाणी त्यातून निघून जातं, माणूस राहतो. गावातली मुलं त्यावरून उड्या मारताना दिसली तरी तुम्ही बोट उचला आणि काठाने चालत पुढे जा.

खांद्याबद्दल एक वाक्य: पाण्यावर पॅडल टेकवून सावरताना कोपर खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. या खेळात खांदा निखळतो तो बहुतेक याच चुकीने.

५. गेट घरी बनवा

कोलाडला रोज जाता येत नाही. पण गावाजवळचा तलाव, पाटबंधारे खात्याच्या परवानगीने एखादा संथ कालवा, क्लबची टाकी यातलं काही मिळू शकतं. स्लॅलमचे मोठमोठे खेळाडूसुद्धा बराच सराव सपाट पाण्यावरच करतात.

लागतं ते असं: चाळीस मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप, प्रत्येकी साधारण दोन मीटर. लाल, हिरवा, पांढरा ऑइल पेंट, वीस-वीस सेंटिमीटरचे पट्टे. एका टोकाला बूच, आत थोडी वाळू, नाहीतर वाऱ्याने पाइप भरकटतात. दोन झाडांमध्ये किंवा खांबांमध्ये नायलॉनची जाड दोरी, तिच्यावर छोट्या कप्प्या, कप्पीतून पातळ दोरी, म्हणजे उंची काठावरून कमी-जास्त करता येते. गेटची रुंदी किमान १.२ मीटर ठेवा. चार गेट पुरतात.

सराव कसा? एक गेट उलटं, एक सुलटं, इंग्रजी आठाच्या आकारात फिरा. कुणीतरी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसा आणि स्पर्श झाला की ओरडा. गेट पार होतं कधी, तर पूर्ण डोकं आणि बोटीचा काही भाग दोन दांड्यांमधून गेला की. त्यामुळे खेळाडू दांड्यापाशी अंग चोरतात, खांदा मागे घेतात, मान वाकवतात. लोकलच्या गर्दीत दारातून आत शिरतानाची हालचाल जवळपास तशीच असते.

६. साहित्य

- हेल्मेट: पाण्यातल्या खेळाचं, ईएन १३८५ मानकाचं. क्रिकेट किंवा सायकलचं चालत नाही.
- तरंगतं जॅकेट: ५० न्यूटनचं, म्हणजे पाण्यात तेवढ्या जोराने वर धरणारं. राफ्टिंगवाल्यांचं जाडजूड जॅकेट घालून हात फिरत नाहीत. स्पर्धेत जॅकेटची तपासणी होते, जुनं आणि पाणी प्यायलेलं असेल तर बाद.
- स्प्रेडेक: बोटीच्या तोंडाच्या आणि तुमच्या कमरेच्या, दोन्ही मापांचा.
- पॅडल: स्लॅलम कयाकसाठी साधारण १९० ते २०५ सेंटिमीटर. पहिलं पॅडल स्वस्त घ्या, ते मोडणार आहे.
- घट्ट बसणारे बूट. चप्पल, क्रॉक्स नाही.
- दुरुस्तीची डबी: इपॉक्सी, ग्लास फायबरचं कापड, सँडपेपर, रुंद टेप.

आणि बोट. पहिलं वर्षभर भाड्याची किंवा क्लबची प्लास्टिक बोट वापरा. स्लॅलम कयाकची लांबी किमान साडेतीन मीटर, रुंदी किमान ६० सेंटिमीटर आणि वजन आठ-नऊ किलो, म्हणजे ती उचलून डोक्यावर घेता येते आणि एका खडकावर तिचे दोन तुकडेही होऊ शकतात. युरोपात झेक आणि स्लोव्हाक कारखाने यात आघाडीवर आहेत. नवी बोट दोन हजार युरोंच्या आसपास आणि वर जाते, त्यावर आणायचा खर्च आणि कर. म्हणून जुनीच घ्यावी लागते. घेताना पहिला प्रश्न विचारा: ही किती किलोच्या माणसासाठी आहे? उत्तर "कुणालाही चालेल" आलं तर घरी जा. मग उन्हात धरून आतून बघा. जोड दिलेल्या जागा काळसर दिसतात. आत दोन बादल्या पाणी ओता आणि बाहेर कुठे पाझरतं ते पाहा.

बोट न्यायची कशी हा वेगळाच उद्योग. टपावर कॅरिअर, त्यावर जुन्या गादीचा फोम, दोन पट्टे मधे आणि एक-एक दोरी दोन्ही टोकांना. रेल्वेने पाठवायची तर पार्सल ऑफिस. तिथे एकदा माझ्या बोटीची नोंद "फायबरची वस्तू, लांब" अशी झाली होती. हरकत नाही, पण पावतीवर वजन बरोबर आहे ना एवढं बघून घ्या.

७. कागदपत्रं: इथे सगळ्यात जास्त मुलं अडकतात

राष्ट्रीय स्पर्धेत थेट नाव देता येत नाही. वाट अशी: जिल्हा किंवा क्लब, मग राज्य संघटना, मग राज्य निवड चाचणी, मग राज्य संघातून राष्ट्रीय स्पर्धा. देशाच्या पातळीवर इंडियन कयाकिंग अँड कनोइंग असोसिएशन ही संघटना आहे. आपल्याकडे एकाच खेळाच्या दोन-दोन संघटना असणं नवं नाही. कुणीही "राष्ट्रीय स्पर्धा" नावाचा फलक लावू शकतो, चकचकीत प्रमाणपत्रही देऊ शकतो. पैसे भरण्याआधी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त यादीत त्या संघटनेचं नाव आहे का ते बघा आणि शंका असेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना विचारा. माझ्या एका मित्राचं पदक असल्याच एका स्पर्धेतलं आहे. ते त्याच्या आईने शोकेसमध्ये ठेवलंय. त्याचा उपयोग तेवढाच.

एक फाइल आत्ताच तयार करा:

- जन्मदाखला. शाळेच्या दाखल्यावरची आणि आधारवरची तारीख तंतोतंत जुळली पाहिजे. नावाचं स्पेलिंगसुद्धा.
- शाळा-कॉलेजचं बोनाफाइड, फोटोसह, चालू वर्षाचं
- रहिवासी पुरावा (राज्य बदललं असेल तर आधी राज्य संघटनेशी बोला)
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- पोहता येत असल्याचं प्रमाणपत्र
- अठराच्या आत असाल तर आई-वडिलांचं संमतिपत्र
- पासपोर्ट. परदेशातल्या स्पर्धेची निवड अचानक होते आणि पासपोर्ट अचानक होत नाही.
- स्वतःच्या नावाचं बँक खातं
- प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, निकालपत्रक आणि संघात निवड झाल्याचं पत्र

शेवटचं फार महत्त्वाचं. प्रमाणपत्र सगळे जपतात, निकालपत्रक कुणीच जपत नाही. पाच वर्षांनी पडताळणीत "किती राज्यांनी भाग घेतला होता?" असं विचारतात तेव्हा पळापळ होते. स्पर्धा संपली त्याच संध्याकाळी सहीशिक्क्याची प्रत मागून घ्या.

वयोगट वर्षावर मोजतात, वाढदिवसावर नाही. आंतरराष्ट्रीय ज्युनिअर गट म्हणजे ज्या वर्षात अठरा पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंत. त्यानंतर तेवीसखालचा गट, मग खुला. वय कमी दाखवायचा सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच. हाडांच्या चाचणीत ते उघडं पडतं, आणि मग खेळही जातो, नावही.

८. पहिली स्पर्धा

स्पर्धेच्या मार्गावर आधी सराव करू देत नाहीत. गेट लावली जातात, मग काही जण नमुन्यादाखल खाली येऊन दाखवतात आणि तुम्ही काठावरून बघायचं. म्हणून खेळाडू काठाने चालत, डोळे मिटून, हात हलवत बसलेले दिसतात. देवाचं काही नसतं ते, ते गेट पाठ करत असतात.

मी वहीत प्रत्येक गेटसाठी एक शब्द लिहितो. "थांब." "उजवं पातं." "आता झोप." वीस गेट म्हणजे वीस शब्द, मग ते पाढ्यासारखे म्हणायचे. पहिल्या स्पर्धेत घड्याळ विसरा. एकही ५० न घेता खाली या. वेगात दोन गेट चुकवणाऱ्यापेक्षा सावकाश सगळी पार करणारा वर असतो, हे आपल्या स्पर्धांमध्ये दरवेळी दिसतं. उलट जायचं गेट हुकलं तर लगेच परत वर चढायचा प्रयत्न फायद्याचा आहे का याचा हिशेब आधीच करून ठेवा. कधी कधी वीस सेकंद झगडून पन्नास वाचतात, कधी झगडण्यातच दम जातो आणि पुढची तीन हुकतात.

औषधांबद्दल: सर्दीच्या साध्या गोळीत स्यूडोइफेड्रिन असू शकतं आणि स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे. डॉक्टरांना आधीच सांगा की तुम्ही खेळाडू आहात. जिममधल्या माणसाने दिलेला डबा तर उघडूच नका.

९. पैसा, नोकरी आणि किती वर्षं

रोल येण्यापासून राष्ट्रीय पातळीवर नीट खेळण्यापर्यंत चार-पाच वर्षं धरा. जगात वर पोचलेले बरेच जण लहानपणापासून नदीकाठी वाढलेले असतात. पॅरिसमध्ये कयाक आणि कनू दोन्हीत सुवर्ण जिंकलेली ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स बघा. वडील रिचर्ड फॉक्स कयाकचे पाच वेळा जगज्जेते, आई ऑलिंपिक पदकविजेती, आणि त्याच पॅरिसमध्ये धाकट्या नोएमीने कयाक क्रॉसचं सुवर्ण घेतलं. आपल्याकडून ऑलिंपिक स्लॅलममध्ये अजून कुणी उतरलेलं नाही.

खर्च घरातून होतो, निदान पहिली काही वर्षं. बक्षिसाच्या रकमेवर या खेळात घर चालत नाही. पोट भरण्याच्या वाटा अशा: लष्कर आणि निमलष्करी दलांचे जलक्रीडा संघ, खेळाडूंसाठीची भरती, आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतलं ५ टक्के समांतर आरक्षण. त्या आरक्षणासाठी अर्ज करण्याआधी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीचं यश लागतं हे शासन निर्णयात दिलेलं आहे, तो स्वतः वाचा, नुसत्या सहभागावर विसंबू नका. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी जिल्हा क्रीडा कार्यालयात वेळेत जाऊन चौकशी करा, मुदत संपली की कुणी ऐकत नाही.

दुसरी वाट नदीवरच आहे. राफ्टबरोबर जाणारा सुरक्षा कयाकर, राफ्ट गाइड, बचाव प्रशिक्षक. प्रथमोपचाराचा आणि वाहत्या पाण्यातल्या बचावाचा कोर्स लवकर करा. मोसमात पैसे मिळतात, शिवाय रोज पाण्यात असता. धोका एवढाच की दिवसभर राफ्टमागे फिरून संध्याकाळी गेट मारायची ताकद उरत नाही. माझं तेच झालं, आणि मला त्याचं फार वाईटही वाटत नाही. पण कॉलेज सोडून या मोसमी कामात शिरू नका. मोसम संपून खिसा रिकामा होतो तेव्हा डिग्रीची आठवण येते.

ती पार्किंगमधली बोट शेवटी गेली. रोह्याजवळच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला दिली, वजन पन्नास किलो, वडील मासेमारी करतात. तिने पहिल्याच दिवशी नाकाडावरचा माझा जोड नखाने खरवडून विचारलं, "सर, हे कुणी केलंय?" मी म्हटलं, आधीच्या मालकाने. तिने तो सगळा काढला, घासला आणि नव्याने भरला. आता बोट पाणी घेत नाही. स्प्रेडेक लावून झाला की ती काही न बोलता बोट माझ्याकडे वळवते, मी पट्टीला हात लावून बघतो आणि मगच ती पाण्यात जाते.